वर्षभर गडचिरोली, पण हप्ते कोण भरणार?

परवा लंच टाइमला टीममधली एक मुलगी डबा उघडता उघडता म्हणाली, ''मला वर्षभर गडचिरोलीत काम करायचंय.'' टेबलावर दोन सेकंद शांतता. मग प्रश्नांची सरबत्ती! नक्षलवादी? मलेरिया? मोबाइलला रेंज येते का? शेवटी कुणीतरी विचारलं, ''आणि एज्युकेशन लोनचे हप्ते कोण भरणार?'' सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

मित्रांनो, खरा प्रश्न तोच आहे. युरोपात त्याला सरकारी उत्तर आहे. युरोपियन युनियनची 2016 मध्ये सुरू झालेली 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोर' ही योजना 18 ते 30 वयाच्या मुलामुलींना वर्षभरापर्यंत स्वयंसेवक म्हणून पाठवते. प्रवास, राहणं, जेवण, विमा आणि वर पॉकेटमनी, सगळं सार्वजनिक पैशातून. युनियनबाहेर मानवतावादी मदतीला जायचं असेल, तर पस्तिशीपर्यंत चालतं.

आपल्याकडे ही हौस नवी नाही. 1949 मध्ये बाबा आमटेंनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या काळात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी तरुण तिथं इमारती बांधायला आले होते. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातच, मूल तालुक्यातल्या सोमनाथला, मे महिन्याच्या उन्हात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. पदरचं तिकीट काढून पोरं जायची. मीही गेलोय. पहाटे कुदळ, हातावर फोड, रात्री गाणी. परतताना ट्रेनमध्ये वाटलं, आयुष्य बदललं! सोमवारी ऑफिसला गेलो, तर मीटिंग तीच आणि मीही जवळपास तोच.

छावणी वाईट नव्हती. पण ते आठ दिवस माझ्यासाठी होते, गावासाठी नव्हे. गावाला हवा असतो टिकणारा माणूस. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये हेमलकशाला गेले, अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केलं. हे लोक तिथंच राहिले. आपल्याला आयुष्य नाही, एक वर्ष द्यायचंय. पण नुसतं 'कुठं दुखतंय?' हे माडियात विचारायला शिकण्यातच त्यातले काही महिने जातात.

आणि ते वर्ष फुकट देणं कुणाला परवडतं? ज्याच्या बाबांचा फ्लॅट आहे, त्याला. म्हणून मानधन मागण्यात लाज कसली? रस्ते आहेत. राज्य सरकारची 'मुख्यमंत्री फेलोशिप' 2015 मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि 2023 मध्ये पुन्हा आली. वय 21 ते 26, मुदत एक वर्ष, दरमहा मानधन. मात्र जागा मोजून 60, आणि नेमणूक गडचिरोलीतच मिळेल असं नाही. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएस डॉक्टरांना एक वर्षाचा बॉण्ड असतो, तोही पगारी. 'सर्च'च्या 2006 पासूनच्या 'निर्माण' उपक्रमातून अनेक तरुण डॉक्टरांनी ते वर्ष मुद्दाम खेड्यात काढलंय.

आणखी एक. एटापल्लीच्या ज्या पोरीला माडिया जन्मापासून येतं, तिला तर भाषा शिकावीही लागत नाही. अशा मानधनावर पहिला हक्क तिचा. तिच्यासोबत, तिच्याकडून शिकत काम करायची तयारी असेल, तरच आपण सॅक भरावी.

संध्याकाळी आमच्या मुलीनं एक्सेल शीट दाखवली. हप्ता, आईचा मेडिक्लेम, घरी येण्याजाण्याचा खर्च, अपेक्षित मानधन. ओढूनताणून का होईना, हिशेब जुळत होता. फक्त शेवटचा रकाना रिकामा होता : 'परत आल्यावर नोकरी?'

तो रकाना कुठलंही सरकार भरणार नाही. मी शीटकडे बघत गप्प बसलो. कारण तिचा टीम लीड मीच आहे.