सगळे एका माळेचे मणी नसतात

गृहकर्जाचा घोटाळा एकट्यादुकट्याचं काम नव्हे. इमारत अजून जोत्यावर आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर कर्ज काढायचंय, तर बऱ्याच सह्या लागतात. बिल्डर करारनामा करून देतो, एजंट पगाराच्या बनावट स्लिपा आणतो, मूल्यांकनकार जागेवर न जाताच किंमत लिहितो, वकील निर्वेध सर्च रिपोर्ट देतो आणि शाखाधिकारी मंजुरी देतो. कर्ज ज्याच्या नावावर निघतं तो सहावा. महाळुंग्यासारख्या गावात तो चाकण एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असू शकतो. एखाद्याला खरंच घर हवं असतं, एखाद्याने चार पैशांसाठी आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सही केलेली असते.

खटला उभा राहतो तेव्हा सगळ्यांवर कलमं तीच लागतात. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद, तर मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. पण गुन्हा एक म्हणून शिक्षाही एकच, असं कायदा म्हणत नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत प्रत्येकाचं म्हणणं ऐकलं जातं, आणि खरा न्याय व्हायचा तो तिथेच. आपल्याकडे मात्र ही सुनावणी बऱ्याचदा ‘पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ एवढ्यावर उरकते.

दोषी ठरवतानाही सरसकटपणा चालत नाही. हैदराबादच्या विजया बँकेतल्या गृहकर्ज प्रकरणात पॅनेलवरचे वकील के. नारायण राव यांनाही आरोपी केलं होतं. केवळ कायदेशीर मत चुकलं म्हणून वकील कटात सामील ठरत नाही, त्याचा प्रत्यक्ष हात दिसला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं. ते योग्यच होतं. पण हात सिद्ध झाला, तर त्याच्या सहीचं वजन कामगाराच्या सहीपेक्षा जास्त धरायला हवं. बँकेने पैसे सोडले ते त्या सहीवर विसंबून. शिवाय 2011 पासून गहाणांची केंद्रीय नोंदणी आहे. एकच फ्लॅट दोन बँकांकडे गहाण पडला, तर ती नोंद तपासली होती का, हे शाखाधिकाऱ्याला विचारायलाच हवं.

डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान बंधूंवर सीबीआयने मार्च 2021 मध्ये गुन्हा नोंदवला. वांद्र्याच्या कागदोपत्री शाखेत 2 लाख 60 हजार बनावट गृहकर्ज खाती आणि 14,046 कोटी रुपये, असा तो आरोप आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण एवढी खाती उघडायला किती हात लागले असतील?

म्हणून सरकारी वकिलांनी शिक्षेच्या सुनावणीत प्रत्येक आरोपीचा हिशेब मांडावा: घेतले किती, परत केले किती. दंडातून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच, तो वापरावा. सवलत मागायचा हक्क आधी पैसे परत करणाऱ्याला. बाकीच्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांचा विचार करताना, न मिळालेल्या घराचे हप्ते भरणाऱ्याच्या घरातही म्हातारी माणसं आहेत, हे लक्षात असू द्यावं.

— मुद्रांक