मोठ्याने वाचा, राजेहो!

मागच्या पी.एल.मध्ये आपली रीडिंग रूम रात्री दोनलाही फुल असायची. पण कुणी कुणाशी बोलेल तर शपथ! आय.एम.पी.ची झेरॉक्स समोर ठेवून सगळे गपचूप पाठ करत होते. मीपण. पेपर निघाला. मग ओरलला एक्स्टर्नलनी "हे समीकरण आलं कुठून?" एवढंच विचारलं, आणि माझी बोलती बंद. माझ्या मित्राचीही तीच गत. पंधरा दिवस एकाच टेबलावर बसलो होतो दोघं!

तेव्हापासून डोक्यात येशिवा घोळतंय. येशिवा म्हणजे ज्यू मुलांचं धर्मशास्त्र शिकायचं ठिकाण, बरेचदा होस्टेलसकट. तिथे अभ्यास जोडीने चालतो. तालमूद या ग्रंथाच्या पानावर मध्ये मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशीची टीका आणि दुसऱ्या बाजूला तोसाफोत, जी त्या राशीलाच जागोजागी अडवते. म्हणजे भांडण पानावरच छापलेलं. दोघं ते मोठ्याने वाचतात, एक अर्थ सांगतो, दुसरा खोडतो. अशा कितीतरी जोड्या एकाच हॉलमध्ये! आपल्या मेसच्या फीस्टलाही एवढा गलका नसेल. आठवडा रविवारी सुरू होतो. सकाळ, दुपार, रात्र अशी तीन सत्रं. गुरुजींचं लेक्चर असतं, पण जोडीने पानाशी झटापट झाल्यावर. गुरुवारी रात्री अनेक ठिकाणी जागरण. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आंघोळी, साफसफाई, आणि मग शनिवारी रात्रीपर्यंत लिहिणं बंद, दिव्याचं बटण बंद, मोबाईल बंद. कोकणातले आपले मराठी बेने इस्राएल याच शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' नाव पडलं.

"ज्यूंचं आपल्याला काय सांगतो?" असं कुणी म्हणेल. त्याने आपल्याच वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला जावं. तिथे १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद, म्हणजे पुढचे समंतभद्र महाराज, यांनी महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल काढलं. मुलांनी तिथेच राहायचं, शाळेचं आणि धर्माचं शिक्षण एकत्र घ्यायचं. याच गावच्या जैन मंदिरांत जुन्या हस्तलिखितांची भांडारं आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश काव्यं संपादित केली, ती कारंजाच्याच ग्रंथमालेत निघाली. एका छताखाली राहून ग्रंथ फोडणं आपल्या मातीला नवीन नाही.

सगळंच उचला असं मी म्हणत नाही. पारंपरिक येशिवा फक्त मुलांची, आणि ब्रह्मचर्याश्रमही मुलांसाठीच निघाला. हे मला पटत नाही. शिवाय आपला ग्रंथ चुकला तर सर्किट जळतं, तिथे श्रद्धा कामाची नाही. पण जोडीची पद्धत मात्र घ्यावीच. शांततेत घोकताना आपल्याला समजलं नाही हे कळतच नाही. समोरचा "का?" म्हणाला की लगेच कळतं.

रेक्टर सरांना विनंती: रीडिंग रूम शांतच राहू द्या, पण जेवणं आटोपल्यावर मेसचा हॉल रात्री नऊ ते अकरा बोलून अभ्यास करायला उघडा ठेवा. टेबलं आम्ही पुसू. मी आणि तो मित्र सोमवारपासून बसतोय. कंट्रोल सिस्टिम, पान पहिलं.