बर्फात गाडी पळते, पण थांबत नाही

या सदरात आपण आतापर्यंत इंजिन, गिअरबॉक्स, मायलेज अशा गोष्टींवर बरंच बोललो. या वेळी विषय टायरचा आणि बर्फाचा. कारण सरळ आहे. आपल्या बडोदा, इंदूर, बेळगावच्या घरांतून कॅनडाला शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं आता प्रत्येक गल्लीत सापडतात. सप्टेंबरमध्ये पोचलेली ही मंडळी दोन-तीन महिन्यांत पहिली जुनी गाडी बघायला लागतात, आणि नेमका तेव्हाच पहिला बर्फ पडतो. गाडी बघताना किलोमीटर, रंग, सनरूफ, म्युझिक सिस्टीम या सगळ्याची चौकशी होते. टायरची होत नाही.

आधी थोडं बारावीचं फिजिक्स. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक दाबला, तर ती किती अंतरात थांबेल हे मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर ठरतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ धरला, तर गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२ धरला, तर ४९ मीटर लागतात. काचेसारख्या गोठलेल्या थरावर तो ०.१ पर्यंत उतरला, तर ९८ मीटर. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात आणखी १४ मीटर जातात. म्हणजे ज्या सिग्नलला तुम्ही घरी तीन गाड्यांच्या अंतरावरून आरामात थांबता, तिथे वीस गाड्यांचं अंतर लागू शकतं.

इथे ऑल व्हील ड्राइव्हवाले मित्र हात वर करतात. मलाही ही सिस्टीम मनापासून आवडते. पण तिचं काम इंजिनची ताकद चारही चाकांना वाटण्याचं आहे. त्यामुळे गाडी जागेवरून सुटते छान, चढ चढते छान. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, मग ती छोटी हॅचबॅक असो की मोठी एसयूव्ही. थांबताना ऑल व्हील ड्राइव्हचा उपयोग जवळजवळ शून्य. उलट गाडी सहज वेग घेते म्हणून चालवणाऱ्याला रस्ता बराच बरा वाटतो, आणि खरी परिस्थिती ब्रेक दाबल्यावर कळते. मोठ्या बर्फानंतर ऑन्टारिओच्या ४०१ हायवेवरून गेलात, तर बाजूच्या खड्ड्यात उतरलेल्या गाड्यांत एसयूव्ही आणि पिकअप भरपूर दिसतील.

आता टायर. उन्हाळी आणि 'ऑल सीझन' टायरचं रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याच्या खाचाखोचांत बसत नाही, वरून घसरतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर बाजूला सारतात. ही कल्पना नवी नाही. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या टायर कंपनीने ट्रकसाठी पहिला विंटर टायर १९३४ साली बनवला.

जुनी गाडी बघायला गेलात, तर टायरच्या बाजूला वाकून बघा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवं. हे चिन्ह बर्फावरची ठरावीक चाचणी पास झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं पुरेसं नाही. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने बंधनकारक आहेत. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण ते लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते. चार टायरचा सेट विद्यार्थ्याला महाग वाटतो, हे खरं. पण हिवाळ्यात उन्हाळी टायर घरात विश्रांती घेतात आणि तेवढे जास्त वर्षं चालतात. पैसे पूर्ण वाया जात नाहीत. आणि फक्त पुढचे दोन बदलून पैसे वाचवायचा विचार असेल, तर नको. पुढची चाकं धरतात, मागची घसरतात आणि गाडी गिरकी घेते.

टायरमधली हवाही बघत राहा. तापमान पाच-साडेपाच अंशांनी उतरलं की प्रेशर साधारण एक पीएसआय कमी होतं. सप्टेंबरच्या २० अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या उणे १५ मध्ये सहाएक पीएसआयने कमी भरते. टायर पंक्चर नसतो, थंडीने हवा आकसलेली असते.

चालवण्याबद्दल एकच सूत्र: एका वेळी एकच काम. ब्रेक मारायचा तर सरळ रेषेत, वळणाच्या आधी. मग वळायचं. मग हलकेच ॲक्सिलरेटर. टायरकडे पकड थोडी आहे, ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटायला लावू नका. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी पोचेपर्यंत आठ ते दहा सेकंद गेले पाहिजेत. वळताना पुढची चाकं घसरून गाडी सरळच जायला लागली, तर स्टीअरिंग आणखी पिळू नका. ॲक्सिलरेटर सोडा, पकड परत येऊ द्या. मागची बाजू घसरली, तर जिथे जायचंय तिकडे नजर आणि स्टीअरिंग, आणि ब्रेकवरून पाय दूर. एबीएस असलेल्या गाडीत एकदम थांबायची वेळ आली, तर पेडल घट्ट दाबून धरा. ते पायाखाली थडथडतं, घाबरून सोडू नका.

नवीन माणसाला एक गोष्ट उलटी वाटते. उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी थोडं वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला रस्ता सगळ्यात फसवा. तो फक्त ओला वाटतो. पूल आणि फ्लायओव्हर आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बर्फात अडकली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी बाहेर येऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बंद झाली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. इंजिन तासाला दहाएक मिनिटं चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि वादळात गाडी सोडून चालत निघू नका. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, थोडी वाळू, जंपर केबल आणि काहीतरी खायला असू द्या. आईने पाठवलेली सुखडी किंवा चिक्की या कामाला उत्तम, गोठली तरी खराब होत नाही. लहान मुलं असतील, तर जाड जॅकेट घालून कार सीटचा पट्टा लावू नका. जॅकेट दबतं आणि पट्टा सैल राहतो. आधी पट्टा, मग वरून जॅकेट किंवा पांघरूण.

गाडीवर जीव असलेल्यांना आणखी एक दुखणं असतं, मीठ. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. हे मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खातं. गोवा-कोकणात समुद्राच्या हवेने गाड्यांचं काय होतं, हे आपण बघितलंय. तेच इथे पटापट होतं. म्हणून हिवाळ्यात खालून पाणी मारणारं वॉशिंग अधूनमधून कराच, आणि जुनी गाडी घेताना वरच्या पॉलिशपेक्षा खाली वाकून गंज बघा.

हे सगळं फक्त परदेशासाठी नाही. डिसेंबरच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जाणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून भर हिवाळ्यात सिस्सूपर्यंत जाणं सोपं झालंय. पण बोगद्याच्या तोंडाशी रस्ता गोठलेला असतो आणि आपले टायर मैदानी हवेचे असतात. पोलीस फोर बाय फोर किंवा साखळी मागतात, तेव्हा हुज्जत घालू नका. साखळी नसेल तर गाडी खाली ठेवून स्थानिक टॅक्सी करा. तो ड्रायव्हर हा रस्ता रोज बघतो.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. मुलाने किंवा सुनेने व्हिडिओ कॉलवर नवी गाडी दाखवली, की आपण विचारतो, "पूजा केलीस का? नारळ मिळाला का तिथे?" जरूर विचारा. त्याच्याच पुढे, "टायर विंटरचे आहेत ना?" हेही विचारा. आणि घरून निघताना तासाच्या रस्त्याला दोन तास धरून निघ, असं सांगा. उशीर झाला तर ऑफिस समजून घेतं, तिथे सगळेच उशिरा पोचतात.

पुढच्या महिन्यात थंडीत बॅटरी का दगा देते आणि इलेक्ट्रिक गाडीची रेंज किती कमी होते, यावर बोलू. प्रश्न असतील तर मंडळाकडे पाठवा.