शागीर्दाचा घाम

मॉडेल होण्यासाठी मुंबईत फुकट फोटो देणाऱ्या पोरांना आपण हसतो. पण चोपड्यातील आपल्याच शिलाई दुकानांत, गॅरेजांत शागीर्द चहापाण्यावर राबतो, त्याचे काय? "काम शिकतोय ना!" हे उत्तर अपुरे आहे. त्याने शिवलेला कपडा गिऱ्हाईकाला गेला, की मजुरी सुरू झाली. हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये काम पत्करले, तेव्हा आठ वर्षांची मुदत आधीच ठरली होती. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही प्यारे नबींची (स.) शिकवण. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही कारखान्यांतील शिकाऊंना विद्यावेतन ठरवून दिले. उस्तादांनो, सुरुवातीला थोडे द्या, पण द्या. मुदत व मजुरी पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. शागीर्द टिकेल, बरकतही राहील.