दोन खते, एक टाकी

'सुफला १५:१५:१५'ची गोणी आपल्याला नवी नाही. ती बनते मुंबईत चेंबूरला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात. ही कंपनी १९७८ सालची. तिचेच 'सुजला १९:१९:१९' पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून ते ठिबकातून देतात.

पण विरघळलेले खत विरघळलेलेच राहील असे समजू नका. काचेच्या दोन जुन्या बाटल्या घ्या. एकीत पाणी घालून चमचाभर कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, दुसरीत चमचाभर १९:१९:१९. दोन्ही पाणी निवळ दिसेल. आता एकीतले दुसरीत ओता. पाणी ताकासारखे होईल आणि तळाशी पांढरा साका बसू लागेल. कॅल्शियम आणि स्फुरद यांची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो, तोच हा साका.

मी एकदा घाईने दोन्ही खते एकाच टाकीत घातली. टोमॅटोच्या ओळी सुकू लागल्या तेव्हा कळले, तोट्या बुजल्या आहेत! खताचे पैसे गेलेच, वर तोट्या साफ करत घरची मंडळी दोन दिवस बसली. (उद्योग माझा, निस्तरला त्यांनी.)

तेव्हा ही दोन खते वेगवेगळ्या दिवशी सोडा. मध्ये नुसत्या पाण्याने नळ्या धुऊन घ्या. मॅग्नेशियम सल्फेटही कॅल्शियम नायट्रेटबरोबर नको, त्यातून जिप्सम बनतो. आणि तुमच्या विहिरीच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरत असेल, तर स्फुरदाचे खत आधी त्याच पाण्यात, बाटलीत विरघळवून रात्रभर ठेवून बघा.