आयआरसीटीसी दहापट फास्ट होईल, पण गणपतीला कन्फर्म तिकीट मिळेल का?

मी ठाकुर्लीत राहतो. आमच्याकडे गणपतीच्या दोन महिने आधी घराघरात एकच चर्चा असते, कोकणच्या गाडीच्या रिझर्व्हेशनची. ठाण्याहून चढायचं की पनवेलहून, ते नंतर ठरतं. आधी सकाळी आठच्या ठोक्याला ॲप उघडायचं असतं. दोन-तीन मिनिटांत वेटिंग लागतं आणि सगळे म्हणतात, "सर्व्हर स्लो आहे." हे अर्धंच खरं आहे.

जून २०२५च्या अखेरीस रेल्वे मंत्रालयाने नव्या आरक्षण यंत्रणेची माहिती दिली. रेल्वेची सॉफ्टवेअर संस्था 'क्रिस' ती तयार करते आहे. मिनिटाला ३२ हजार तिकिटांची क्षमता दीड लाखांपुढे जाणार आणि सीटची चौकशी मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांपुढे. म्हणजे चौकशी दहापट, पण तिकिटं साधारण पाचपट. असा फरक का, हे कळण्यासाठी डेटाबेस कसा चालतो ते बघू.

शोधणं सोपं

तुम्ही तारीख आणि गाडी निवडता, तेव्हा ॲप डेटाबेसला प्रश्न विचारतं. त्याला क्वेरी म्हणतात. प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या तर वेळ जाणारच. म्हणून इंडेक्स बनवतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसंच हे: थेट पानावर जायचं.

दुसरा उपाय कॅशे. एकच प्रश्न हजारो लोक विचारत असतील, तर उत्तर थोडा वेळ हाताशी ठेवायचं आणि तेच सगळ्यांना द्यायचं. तिसरा उपाय म्हणजे डेटाबेसच्या प्रती काढून वाचणाऱ्यांची गर्दी त्यांच्यावर वाटून देणं. वाचणारे कितीही वाढले तरी प्रती वाढवता येतात.

लिहिणं अवघड

तिकीट काढणं म्हणजे मात्र नोंद बदलणं. एस-४ डब्यातला ३२ नंबरचा बर्थ एकाच वेळी दोघांनी मागितला, तर एकालाच मिळायला हवा. म्हणून डेटाबेस ती नोंद क्षणभर लॉक करतो आणि बाकीचे रांगेत थांबतात. इथे कॅशे कामाचा नाही, कारण शिळं उत्तर देऊन चालत नाही. शिवाय नोंद बदलली की तिचे इंडेक्सही बदलावे लागतात. म्हणजे वाचायला जलद व्हावं म्हणून इंडेक्स वाढवले, की लिहिण्याचा वेग कमी होतो.

स्क्रीनवर 'अव्हेलेबल १२' दिसतं आणि पैसे भरून झाल्यावर वेटिंग हाती येतं, ते याचमुळे. तो आकडा तुम्ही बघितला त्या क्षणाचा, कधीकधी त्याच्याही आधीचा असतो. नावं टाइप करून पेमेंट होईपर्यंत बारा सीट संपलेल्या असतात.

वेग कोणाच्या फायद्याचा?

माझा खरा प्रश्न इथे आहे. रेल्वेनेच सांगितलं आहे की तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी जवळपास निम्मे बॉटचे होते. संशयास्पद वाटलेले अडीच कोटींहून जास्त युजर आयडी बंद केले गेले. सर्व्हर फास्ट झाला की बॉटही तितकाच फास्ट होतो. म्हणून १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची झाली, आणि १ ऑक्टोबरपासून साध्या रिझर्व्हेशनच्या पहिल्या पंधरा मिनिटांनाही. माझ्या मते सामान्य प्रवाशाला नव्या सर्व्हरपेक्षा या नियमांचा उपयोग जास्त आहे.

आपल्या हातात काय? आधार आधीच जोडून ठेवा. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. सारखं रिफ्रेश करू नका, प्रत्येक रिफ्रेश ही नवी क्वेरी असते.

२२ मे २०२५ला सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाल्याचा विक्रम रेल्वेने अभिमानाने सांगितला. त्याच्या जोडीला गणपतीच्या गाड्यांचा हिशेबही मिळायला हवा: पहिल्या मिनिटात किती बर्थ गेले आणि किती जण वेटिंगवर राहिले? डेटाबेस फास्ट झाला तर ही क्वेरी चालवायला फार वेळ लागणार नाही. जास्तीच्या गाड्या किती लागतील, तेही त्यातूनच कळेल.