निर्जळीचे पारणे

आमची गंगाखेडची मावशी निर्जळी एकादशीबद्दल आळीत प्रसिद्ध. आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरली आणि आम्ही तिला तपोवन गाडीने मुंबईस नेले, तेव्हा आदल्या रात्रीपासून पाणीही न घेण्याची तिची तयारीच होती. सूनबाईंनी तर महिनाभर आधीच तिचा चहा अगोड केला होता. साखरेने म्हणे गाठ पोसते! (एवढे वैद्यक आम्हां मराठीच्या मास्तरांनाही येते.) वजन घटत होते, ते वेगळेच.

आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिका आली ती गोड पेयाचा पेला घेऊन! ४०० मिलिलिटर पेय, त्यात ५० ग्रॅम कर्बोदके. मावशी माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जेवण सहा तास आधी बंद, पण असे नितळ पेय दोन तास आधीपर्यंत चालते. उपाशी पोटी शस्त्रक्रिया झाली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मधुमेह नसलेल्यांचीही रक्तातली साखर चढते, मग जखम पिकण्याची भीती."

स्वीडनचे शल्यविशारद ओले युंगक्विस्ट यांनी १९९०च्या दशकात या पेयाचा पाठपुरावा केला. सरसकट मात्र नव्हे. शेजारच्या खाटेवरील मधुमेही बाईंना ते दिले नाही. त्यांची साखर वरचेवर मोजीत होते.

"मावशी, आज द्वादशी समज," मी म्हटले. तिने पेला तोंडाला लावला.

शस्त्रक्रियेनंतर तिची साखर १५८ भरली. १८०च्या आत हवी होती.

घरी चहा पुन्हा गोड झाला आहे. सूनबाई अजून अर्धाच चमचा घालतात.